चार खाचांचं बोट

तुडील, ता. महाड, जि. कुलाबा
१८ जानेवारी १९५९

चि. सहदेव यास बयाआतेचा आशीर्वाद.

मुंबैहून आलेल्या सोनबानं तुझी पुडी आणून दिलीन. कागद, त्यात कापूस, पुन्हा कागद, पुन्हा कापूस. आत मातीची तीन बोटं. मला वाटलं दागिना पाठवलास का काय. एवढी बांधाबांध करायला तुला वेळ कुठून मिळतो? आमच्या ठकूबाईनं ती देवाची समजून देव्हाऱ्यात मांडलीन. हळदकुंकू लावायच्या आत मी काढून घेतली.

तू लिहिलंस, हे बोट भट्टीत ठेवायचं, विटांना पाहिजे तेवढी आच मिळाली की ते आपणहून वाकतं, मग लाकूड सारणं बंद करायचं. म्हटलं बघू. गोठ्याच्या विटांची लहान भट्टी लावायचीच होती. तू लिहिलं होतंस, बोट जरा कलतं ठेव. मी सरळ ठेवलं. गोठ्याची मेढ आपण कलती रोवतो काय? तर ते वाकेचना. आम्ही आपले लाकूड सारतोय. शेवटी बसलं तेव्हा सगळंच बसलं, उन्हात ठेवलेल्या गुळासारखं. विटा एकमेकींना चिकटल्या, पहारीनं सोडवल्या. माझा दीर महिपती, त्याला आयतंच सापडलं. "वयनी, मुंबैची बोटं मुंबैला पाठव," म्हणाला. चार माणसांत.

आता मुद्द्याचं. गावाला स्कूल बोर्डाकडनं शाळेच्या दोन खोल्या मंजूर झाल्यात. जूनच्या आत पक्क्या भिंती उभ्या राहिल्या तर शाळा आपली, नायतर खाडीपलीकडच्या गावाला जाणार. वीस हजार विटा मी देते असं गावकीत बोलून बसलेय. कच्च्या विटा पाडून झाल्या, पेंढ्याखाली वाळतायत. पण आमची भट्टी पाच दिवस जळते. माझ्या मालकांच्या बापापासून पाचच दिवस, पाचव्या दिवशी नारळ, मग भट्टीची तोंडं लिंपायची. त्याला चोवीस गाड्या लाकूड लागतं. यंदा तोड बंद हाय, पास मिळाला चौदा गाड्यांचा. चौदा गाड्या म्हणजे तीन दिवस पण नाय.

पलीकडं शाळा गेली तर पोरी जाणार नायत. माझी शाळा दुसरीनंतर का सुटली ते तुझ्या बापसाला विचार. पावसात होडी बंद, की शाळा बंद.

तर तुझ्या बोटाचं खरं काय ते लिही. लांबण लावू नकोस.

बयाबाई


शिवडी, मुंबई
२६ जानेवारी १९५९

तीर्थरूप आतेस सहदेवचा दंडवत.

तुझं पत्र इथं आपल्या गावच्या माणसांच्या खोलीत सगळ्यांनी वाचलं आणि पोट धरून हसले. आते, बोट कलतं ठेवायचं ते उगाच नव्हे. सरळ ठेवलं तर त्याला कुठल्या बाजूला वाकायचं तेच कळत नाही. आच पुरी होऊन गेली तरी ते ताठ राहतं आणि मग एकदम बसतं. म्हणजे ते खोटं बोललं नाही, तू त्याला बोलू दिलं नाहीस. रागावू नकोस.

आमच्या कपबश्यांच्या कारखान्यात प्रत्येक भट्टीत अशी बोटं लावतात. त्याला इथं कोन म्हणतात, पण तू बोट म्हणतेस तर बोट. ती परदेशातून येतात, पेटीला कुलूप असतं. तुला पाठवली ती जुन्या पेटीतली टाकून दिलेली होती. आणखी मिळणं कठीण आहे.

पण आमच्या चाचणी विभागाच्या सप्रे साहेबांना मी विचारलं की अशी बोटं घरी करता येतील का. ते म्हणाले, मातीत लवकर वितळणारं काहीतरी कालवायचं, काचेची पूड चालेल. काच जास्त तर बोट लवकर वाकणार, माती जास्त तर उशिरा. किती ते करूनच बघावं लागेल. तू थोडी करून पाठव. इथं विजेची भट्टी आहे, तिला आचेचा काटा आहे. तपासून कळवतो.

तुझा
सहदेव


तुडील
११ फेब्रुवारी १९५९

चि. सहदेव यास आशीर्वाद.

खोलीतल्या लोकांना सांग, हसून झालं असेल तर कामाला जा.

काचेसाठी महाडच्या बाजारात कासाराकडं गेले. टोपलीभर फुटक्या बांगड्या मागितल्या. कासारीण म्हणते, "बयाबाई, तुम्हाला गो कशाला?" म्हटलं, "माझ्या फुटून वीस वर्षं झाली, आता दुसरीच्या कुटते." टोपली भरून दिलीन. बांगड्या जुन्या उखळीत कुटल्या, लुगड्याच्या फडक्यातून चाळल्या. पूड मैद्यासारखी झाली. हाताला बारीक चिरा पडल्यात, त्याचं काय एवढं नाय.

माती भट्टीशेजारच्या काठाची. माप चिपट्याचं. काच एक चिपटं, माती एक चिपटं, त्या बोटाला खिळ्यानं एक खाच. काच तेवढीच, माती दोन चिपटी, त्याला दोन खाचा. असं सातापर्यंत. बांबू उभा चिरून त्यात दाबून काढली, म्हणजे सगळी एका जाडीची. टोकाकडं निमुळती केली. सावलीत वाळवली. पाच पाच हायत, एकूण पस्तीस. भाताच्या तुसात घालून डब्यातून पाठवते. कापूस नाय माझ्याकडं.

आणखी एक. डब्यात कच्च्या विटेचे आठ तुकडे हायत, आणि एक भाजलेली वीट, ती माझ्या मालकांच्या हातची. ती वाजवून बघ. रुपयासारखी वाजते. मला तुमचे काट्यावरचे आकडे नकोत. तुकडे बोटांच्या शेजारी ठेव, एकेक काढत जा, आणि कुठला तुकडा त्या विटेसारखा वाजतो आणि तवा कुठलं बोट वाकलेलं होतं, एवढंच सांग.

महिपती विचारतो, "वयनी, भट्टी लावायचीय का बांगड्या भरायच्यात?" त्याच्याकडं बघायला मला फुरसत नाय.

बयाबाई


शिवडी, मुंबई
२ मार्च १९५९

तीर्थरूप आतेस दंडवत.

काल रविवारी काम झालं. उशीर झाला कारण विजेची भट्टी रिकामी मिळत नव्हती.

सप्रे साहेबांनी डबा उघडला, तूस बाजूला केलं आणि बोटं ओळीनं मांडली. मग खाचा मोजल्या. मग म्हणाले, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, "माझी आते." "कुठल्या कारखान्यात आहे?" म्हटलं, "भातशेती आहे, भाताचं झालं की विटा पाडते." मग बोटं त्यांनी स्वतःच्या हातानं कलती लावली.

आता तुला पाहिजे ते. एक आणि दोन खाचांची बोटं आधीच लोळली. तेव्हा काढलेला तुकडा नखानं खरवडत होता. तीन खाचांचं वाकलं तेव्हाचा तुकडा वाजला, पण भद्द. चार खाचांच्या बोटाचं टोक खाली टेकलं तेव्हा जो तुकडा काढला, तो थेट तुझ्या विटेसारखा वाजला. साहेबांनी दोन्ही कानाशी धरून पाहिले. रात्रभर पाण्यात ठेवला, एक कण सुटला नाही. पाच खाचांचं वाकलं तेव्हाच्या तुकड्याला चकाकी आली आणि तो वेडावाकडा झाला. सहा आणि सात ताठ उभी.

तेव्हा भट्टीत तीन, चार आणि पाच अशी तीन बोटं शेजारी लाव. तीन पडलं की तयारीला लागायचं. चार टेकलं की थांबायचं. पाच उभं राहिलं पाहिजे.

साहेब म्हणाले, कच्च्या विटेचे तुकडे सोबत पाठवायचं ज्यानं सुचवलं त्याला चाचणी म्हणजे काय ते कळतं. मी म्हटलं, सुचवलं नाही, हुकूम केला.

सहदेव


तुडील
५ एप्रिल १९५९

सहदेव,

तुझ्या साहेबाचा काटा खोटा हाय.

केलेली सगळी बोटं तुझ्याकडं गेली होती. शिमगा झाला, दुसऱ्या दिवशी काठावर जाऊन माती काढली, उरलेली बांगड्यांची पूड घेतली, तेच चिपटं, तोच बांबू. नवी बोटं केली, वाळवली. मोठ्या भट्टीच्या आधी एकदा बघावं म्हणून तीनशे विटांची भट्टी लावली. लाकूड नाय जाळलं, झावळ्या आणि काटक्या. तीन पडलं, चार टेकलं, पाच उभं. बरोब्बर तू लिहिलंस तसं. मी आग बंद केली. विटा निघाल्या पिवळट, खालच्या ओळीच्या, वरच्या ओळीच्या, सगळ्या. पाण्यात टाकली ती तासाभरात भाकरीच्या पिठासारखी झाली.

महिपतीनं ती बादली उचललीन आणि गावकीची बैठक चालू होती तिथं नेऊन ठेवलीन. "घ्या, शाळेची भिंत," म्हणाला. कोण हसलं नाय, तेच जास्त लागलं. जाणती माणसं म्हणतात, लाकूड नाय, बोटांचा भरवसा नाय, मग बोर्डाला लिहून टाकू, शाळा पलीकडं न्या. मी म्हटलं महिनाअखेरपर्यंत कागदाला हात लावायचा नाय. ऐकलं त्यांनी. माझ्या तोंडाकडं बघून ऐकलं, पटलं म्हणून नव्हे.

त्याच भट्टीतली उरलेली सहा बोटं पाठवते. सोनबा उद्याच्या एष्टीनं निघतोय. तुझ्या काट्याला विचार, कुठं चुकला.

बयाबाई


शिवडी, मुंबई
१२ एप्रिल १९५९

तीर्थरूप आतेस दंडवत.

काटा बरोबर आहे. फेब्रुवारीतल्या लॉटमधलं चार खाचांचं शेवटचं बोट माझ्याकडे होतं. ते आणि तुझं नवं चार खाचांचं, दोन्ही एकाच वेळी भट्टीत शेजारी लावली. जुनं जिथं पडायचं तिथंच पडलं. नवं त्याच्या साठ डिग्री आधी लोळलं. दोघांच्याही अंगावर चारच खाचा, रंगही तोच. साहेब तासभर दोन्ही हातात घेऊन बसले होते.

त्यांना कारण सापडत नाही. ते म्हणतात, माती रसायनवाल्यांकडे पाठवू, पण त्याला महिना लागेल. तोपर्यंत तू आठवून सांग: काच तीच होती ना? चिपटं काठोकाठ भरलं का शीग ठेवली? वाळवताना ऊन लागलं का? बांबू ओला होता का? काहीतरी बदललं आहे.

आणखी एक सांगायचं आहे, ते तू वाच आणि तुझ्यापाशी ठेव. मी चाचणी विभागात नाही. मी गाडा ढकलतो. कच्चा माल भट्टीत न्यायचा आणि पक्का बाहेर आणायचा. ती पहिली तीन बोटं मी केराच्या टोपलीतून घेतली होती, आणि साहेबांना पहिल्यांदा विचारलं ते फाटकाबाहेर, ते बसची वाट बघत असताना. चाचणीच्या खोलीत मी पहिल्यांदा पाय ठेवला तो तुझा डबा घेऊन. घरी चाचणीत आहे असं लिहिलं होतं कारण बाबांना बरं वाटलं. आता विटा बिघडल्या आणि ते तुझ्यावर आलं, तेव्हा हे लपवून ठेवणं बरं वाटेना.

सहदेव


तुडील
१७ एप्रिल १९५९

चि. सहदेव यास आशीर्वाद.

तू गाडा ढकलतोस ते मला गणपतीपासून ठाऊक हाय. सोनबानं सांगितलंन. गाडा ढकलणं काय वाईट हाय? विचारायचं काम होतं ते तू विचारलंस. तो विषय संपला.

आता ऐक. तुझे प्रश्न वाचले. चिपटं, बांबू, ऊन, सगळं तेच. राहिली माती. ती पण त्याच खड्ड्यातली. पत्र ठेवलं, नव्या बोटाचा एक मोडका तुकडा पडला होता तो उचलला आणि चाटला. खारट.

पुढं मी काय लिहू, मला माझीच लाज वाटली. माघापर्यंत नदीला वरून ओढ असते, इथलं पाणी गोडं. शिमग्याकडं ओढ संपते आणि पुनवेची भरती थेट आमच्या काठापर्यंत खारं पाणी आणते. त्या मातीची वीट पाडली तर तिला लोणा फुटतो, पांढरं मीठ वर येतं, म्हणून विटांची माती आम्ही पौषात काढून ढीग मारून ठेवतो. हे इथं बारक्या पोराला ठाऊक. विटांसाठी मी जन्मभर हे पाळलं, आणि बोटांसाठी सरळ जाऊन तिथंच फावडं मारलं. बोटं बारीक, त्यांना कशाला ढिगाची माती, असं वाटलं. फेब्रुवारीतल्या बोटांची माती गोड्या पाण्यातली होती. ही खारी. तुझ्या साहेबाला विचार, मिठानं काच लवकर पाघळते का. मला तर पाघळलेलीच दिसली.

महिनाभर थांबायला इथं कुणाला वेळ नाय. पेंढा काढला, त्या वीस हजारांतल्या दोन कच्च्या विटा उचलल्या, फोडल्या, भिजवल्या आणि त्याच मातीची नवी बोटं केली. ज्या विटा भाजायच्या त्यांचीच बोटं. आता माती वेगळी निघेल कशी? ही तपासायला पाठवत नाय. मंगळवारी एकवीस तारखेला भट्टी पेटवते.

महिपतीला चाटून दाखवायला सांगितलं. चाटलान. थुंकला. मग म्हणाला, "मीठ कळलं मला, वयनी. पण पाच दिवस नाय जळली तर मी तोंडाशी बसणार नाय. माझ्या भावाच्या भट्टीला मी कच्चेपणा आणणार नाय." चाळीस वर्षं तो तोंडाशी बसलाय, त्याच्याइतकं सारखं लाकूड कोण सारत नाय. म्हटलं, "नको बसूस. मी सारीन." सकाळी येऊन लाकडं वेगळी करीत बसला. बारीक एकीकडं, जाड एकीकडं. 

बयाबाई


तुडील
४ मे १९५९

चि. सहदेव यास आशीर्वाद.

मुद्दाम उशिरा लिहितेय. भट्टी उघडल्याबिगर लिहायचं नाय असं ठरवलं होतं.

मंगळवारी सकाळी पेटवली. मधोमध विटांत एक बोगदा ठेवला होता, आत तीन बोटं मातीच्या पाटावर, कलती. बाहेरच्या तोंडाला एक सुटी वीट. ती काढायची, आत बघायचं, परत लावायची. गुरुवारी न्याहारीच्या वेळेला तीन पडलं. तवा जेमतेम तीन गाड्या लाकूड उरलं होतं. सगळा गाव भट्टीवर. सगळे माझ्या हाताकडं बघतायत.

सूर्य डोक्यावर आला आणि चार वाकायला लागलं. आधी मान, मग पाठ. टोक टेकलं. पाच ताठ उभं. मी म्हटलं, "बास. तोंडं लिंपा."

कोण हलेना. आपला सदू म्हणाला, "काकी, दोन गाड्या हायत अजून. त्या पण जाळूया. जास्त आचेनं काय बिघडतं?"

"गोठ्याच्या विटा बघ जाऊन, काय बिघडतं ते."

महिपती उठला. त्यानं वीट काढलीन, डोळा लावलान, किती वेळ बघत राहिला. मग मला म्हणतो, "हे चारच हाय ना? खाचा दिसत नायत."

"मधलं चार. मी लावलंय."

"आणि कच्च्या निघाल्या तर?"

"तर गावानं माझ्या नावानं बोलावं. तुझ्या नाय."

"दादानं मला पाच दिवस शिकवले, वयनी."

"दादाकडं चोवीस गाड्या होत्या. आणि त्यांच्याकडं भट्टीच्या पोटात बघायला काय नव्हतं. असतं तर त्यांनीच तिसऱ्या दिवशी थांबवली असती. ते काय हौसेनं लाकूड जाळत नव्हते."

यावर तो खाली बसला आणि चिखलात हात घातलान. पहिलं तोंड त्यानंच लिंपलंन. मग बाकीचे धावले. लिंपून झाल्यावर विचारतो, "नारळ आज का पाचव्या दिवशी?" म्हटलं, "नारळ तुझा, तू बघ." त्यानं पाचव्याच दिवशी फोडलान. विझलेल्या भट्टीपुढं. तुळजाबाईनं वाटीभर खोबरं घरी नेलंन आणि मला येऊन सांगते, देव पण गोंधळला असेल.

भट्टी नऊ दिवस निवत ठेवली. ते नऊ दिवस मी काय केलं विचारू नकोस. कांदे उपटले, पेंढा रचला, घरच्या पोरीला, मैनेला, उगाच रागावले. दहाव्या दिवशी परवा उघडली. वरचा थर काढला, राखेत हात घातला. वीट लाल. काळपट नाय, पिवळी नाय, लाल. दुसरी काढली, एकमेकींवर हाणल्या.

सहदेव, वाजल्या. भट्टीच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या माणसांना ऐकू गेलं.

बादली कुणी आणली? महिपतीनं. तीच बादली. आतली वीट, कडेची वीट, खालची, वरची, अशा सहा बुडवल्या आणि तिथंच बसून राहिला. संध्याकाळी काढल्या, नखानं खरवडलं, नख तुटलं त्याचं. कडेच्या ओळीत साडेतीनशे फिक्या निघाल्यात, त्या मी मोजून बाजूला काढल्या, भिंतीला लावणार नाय. बाकी सगळ्या माझ्या मालकांच्या विटेसारख्या. लाकूड बारा गाड्या लागलं. दोन उभ्या हायत.

गवंडी उद्या येतोय. बोर्डाला कागद लिहायचा राहिला तो राहिलाच.

बयाबाई


शिवडी, मुंबई
१० मे १९५९

तीर्थरूप आतेस दंडवत.

पत्र मी कारखान्यात घेऊन गेलो. सप्रे साहेबांना म्हटलं, आतेचं पत्र आलंय. ते म्हणाले, वाच. मी सगळं वाचलं, नारळासकट. मिठाचं आधीच सांगितलं होतं तेव्हाच त्यांनी कपाळावर हात मारला होता. म्हणाले, "बरोबर आहे, मिठानं वितळायला मदतच होते. आपण महिना घालवणार होतो, त्या बाईंनी जीभ लावली."

आता इकडचं. आमच्या कपांच्या पहिल्या भाजणीला सगळे मिस्त्री दोन तास जास्त कोळसा घालतात, भीतीपोटी. कुलपातली बोटं महाग, म्हणून प्रत्येक भाजणीला लावत नाहीत. साहेबांनी मला कपांचीच माती आणि काचेची पूड दिली आणि म्हणाले, तुझ्या आतेच्या पद्धतीनं कर. मी बांबू चिरला. खाचा पाडल्या. गेल्या आठवड्यात चार भाजण्या झाल्या, चारही वेळा बोट टेकल्यावर थांबवलं, एक कप वाया गेला नाही. कोळसा शिल्लक राहतोय.

येत्या पहिल्या तारखेपासून मी चाचणीच्या खोलीत असणार आहे. या वेळी खरोखर.

रजिस्टरमध्ये ही पद्धत कोणाची ते लिहायचं आहे. साहेब विचारतात, पूर्ण नाव काय आणि शिक्षण किती. काय लिहू ते कळव. गावच्या खोलीत आता कोणी हसत नाही. खोलीवर आलेल्या प्रत्येकाला तिथले चांगू मामा सांगतात, आमच्या तुडीलच्या बयाबाईंनी मुंबईची भट्टी थांबवली.

सहदेव


तुडील
२ जून १९५९

चि. सहदेव यास आशीर्वाद.

रजिस्टरात बयाबाई लिही, तुडील लिही, दुसरी पास लिही. श्रीमती बिमती नको. दुसरी पास हे खरं हाय, परीक्षा दिली होती.

दोन्ही खोल्यांवर कौलं चढली. दारं अजून सुताराकडं हायत, पण भिंती झाल्या, आणि मास्तर परवा येऊन पट करून गेले. चोवीस नावं. मी कडेला उभी राहून मोजत होते. अकरा पोरी. आपली मैना धरून. मास्तरांनी भिंतीवर बोटानं वाजवून बघितलं आणि विचारलंन, "विटा कुठून मागवल्या?" लोकांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर खोचून तिथून निघाले, नायतर बोलावं लागलं असतं.

काल पोलादपूरचा एक भट्टीवाला आला, कुशाबा म्हणून. त्याला पण लाकडाची चणचण. बैलगाडी घेऊनच आला होता, बोटं भरून न्यायला. म्हटलं, "माझी बोटं तुझ्या काय कामाची? तुमची माती डोंगराची, तुमच्या विटेला आच वेगळी. तुझीच कच्ची वीट फोड, तिची बोटं कर, तिच्याच शेजारी लाव आणि कुठलं बोट वाकल्यावर वीट वाजते ते बघ. मी बांबू कसा चिरायचा ते दाखवते." तो जरा हिरमुसला. आयती पाहिजे होती.

मग त्यानं विचारलंन, "पण बयाबाई, तिसऱ्या दिवशी आग थांबवायची म्हणजे छातीच पाहिजे. आमच्याकडं तर पाच दिवस."

मी तोंड उघडायच्या आत महिपती ओटीवरून म्हणाला, "पाच दिवस कशाला रे? काय बघता येत नाय म्हणून माणूस पाच दिवस जाळतो. आमच्या भट्टीला अडीच दिवस पुरतात. चार खाचांचं टेकलं की मी लिंपायला घेतो."

कुशाबा त्याच्याकडं सरकून बसला. महिपतीनं खिशातून एक बोट काढलंन. वाकलेलं, आमच्याच भट्टीतलं. कधी उचललंन ते मला ठाऊक नाय. त्याच्या हातात देऊन सांगतो, "कलतं ठेवायचं. सरळ ठेवलंस तर फसशील. आमच्याकडं एकदा झालंय तसं." आणि माझ्याकडं बघितलंन नाय.

 चहा ठेवायला आत गेले. तो सांगत होता ते सगळं बरोबर होतं.

बयाबाई